इंदूरचे विसरलेले दिवाण : राजा सर टी. माधवराव

काही वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहावरून मी दक्षिणेच्या यात्रेस गेलो होतो. रामेश्वर, कन्याकुमारी झाले आणि परतीच्या वाटेवर त्रिवेंद्रमला दोन दिवस मुक्काम पडला. तेथील शहरबसमध्ये बसलो असता कंडक्टर एका थांब्याचे नाव मोठ्याने पुकारीत होता, "स्टॅच्यू, स्टॅच्यू!" पुतळा कोणाचा हे तो सांगत नव्हता आणि कोणी विचारीतही नव्हते. मी उत्सुकतेने उतरलो. समोर सचिवालयाची जुनी, उंच खांबांची इमारत आणि तिच्यासमोर रस्त्याच्या कडेला पागोटे घातलेल्या एका गृहस्थाचा पुतळा. नाव वाचले आणि मी जागच्या जागी थांबलो. सर टी. माधवराव!

हे नाव मी लहानपणी ऐकले होते. पण नाव म्हणून नव्हे. आमचे आजोबा जुन्या होळकरशाहीच्या गोष्टी सांगताना त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या एका 'मद्रासी दिवाणा'चा उल्लेख करीत. तो आला कधी, गेला कधी, हे त्यांनाही नीट ठाऊक नसे. मद्रासी म्हटल्यावर आम्हा मुलांच्या डोळ्यांपुढे गंध लावलेला, इडली खाणारा कोणी परका माणूस उभा राही. तो आमच्याइतकाच मराठी होता, देशस्थ ब्राह्मण होता, घरात मराठी बोलणारा होता, हे मला सत्तरी उलटल्यावर आणि तेही त्रिवेंद्रमच्या रस्त्यावर कळावे, याची खंत वाटली. ती खंत हेच या लेखाचे निमित्त.

माधवरावांच्या नावाआधीचे 'टी' हे अक्षर तंजावरचे. दक्षिणेत आडनावाऐवजी गावाचे नाव लावण्याची पद्धत आहे, त्याप्रमाणे तंजावर माधवराव. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास आपली गादी स्थापिली, तेव्हापासून कारकून, मुत्सद्दी, शास्त्री, कीर्तनकार अशी कितीतरी मराठी घराणी कावेरीच्या काठी जाऊन वसली. त्यांपैकीच हे एक. माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोर संस्थानचे दिवाण होऊन गेलेले. तेव्हा दिवाणगिरी या घरात पाण्याच्या हंड्यासारखी वापरातली वस्तू होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल नावाच्या नामांकित इंग्रज अध्यापकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. गणित आणि विज्ञान हे त्यांचे आवडते विषय. १८४६ साली ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. काही काळ त्यांनी त्याच शाळेत अध्यापन केले, मग मद्रासच्या हिशेबखात्यात नोकरी धरली. आकड्यांशी जडलेली ही मैत्री पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. संस्थानांचे पुष्कळसे आजार हे जमाखर्चाचे आजार असतात, हे ज्याला कळले तो अर्धा वैद्य झालाच.

१८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांना इंग्रजी शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. राजपुत्र म्हणजे आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ. दोघेही पुढे त्या गादीवर बसले. चार वर्षांनंतर माधवराव संस्थानच्या मुलकी खात्यात गेले, दिवाण पेशकार झाले आणि १८५७ च्या अखेरीस दिवाण कृष्णराव वारले तेव्हा अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी दिवाणगिरीची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. पुढल्या वर्षी ते कायम झाले.

त्या वेळच्या त्रावणकोरची स्थिती वाचली म्हणजे आपल्याकडील लावणीमोड झालेल्या परगण्यांची आठवण येते. खजिना रिता, नोकरांचे पगार थकलेले, मिऱ्यांचा आणि तंबाखूचा व्यापार सरकारी मक्त्यात अडकलेला, आणि वर लॉर्ड डलहौसीने १८५५ साली दिलेली धमकी की कारभार सुधारला नाही तर राज्य खालसा होईल. त्याच साली तंजावरचे राज्य बुडाले होते. म्हणजे माधवरावांच्या आजोळ-पणजोळाची गादी नाहीशी झालेली त्यांनी स्वतः पाहिली होती. धमकी पोकळ नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होते.

त्यांनी मक्ते एकामागून एक मोडले. मिऱ्यांचा मक्ता १८६० साली गेला. जकातीचे जाळे उसवले, आणि १८६५ साली इंग्रज सरकार व कोचीन संस्थान यांच्याशी व्यापारी करार होऊन सरहद्दीवरील पुष्कळशी नाकी उठली. त्याच साली सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकीहक्क देणारा जाहीरनामा निघाला, आणि १८६७ साली खासगी जमीनदारांच्या कुळांनाही मनमानी बेदखलीपासून संरक्षण मिळाले. शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन त्याची झाली म्हणजे तो विहीर खणतो, नारळ लावतो, मुलाला शाळेत घालतो. हा साधा हिशेब त्या हिशेबखात्यातल्या माणसाने बरोबर मांडला होता. शाळा, महाविद्यालय, दवाखाने, कालवे, रस्ते ही कामे मागोमाग आली. ज्या सचिवालयासमोर आज त्यांचा पुतळा आहे ती इमारतही त्यांच्याच कारकिर्दीत, १८६९ साली पूर्ण झाली. १८६६ साली सरकारने त्यांना 'सर' केले.

तथापि येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. त्यांच्या दिवाणगिरीच्या आरंभीच दक्षिण त्रावणकोरात मोठा दंगा झाला. शाणार, म्हणजे आजचे नाडार, यांच्या स्त्रियांना उच्चवर्णीयांप्रमाणे अंगावर वस्त्र घेण्याची रूढीने मनाई होती. ज्यांनी ते घेतले त्यांची वस्त्रे फाडली गेली, घरे व शाळा जळाल्या. अखेर मद्रासच्या गव्हर्नराचा दट्ट्या आला आणि जुलै १८५९ मध्ये त्या स्त्रियांना अंग झाकण्याची मोकळीक देणारा जाहीरनामा निघाला. पण उच्चवर्णीय स्त्रियांची धाटणी मात्र वापरू नये, अशी अट त्यात ठेवली होती. जमिनीच्या प्रश्नात एवढा धीट असलेला हा मुत्सद्दी जातीच्या प्रश्नापुढे मात्र पाऊल मोजून टाकीत होता. तो काळच तसा होता असे म्हणून आपण सुटू शकतो. परंतु त्याच काळात त्या स्त्रिया मार खाऊन उभ्या राहिल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

चौदा वर्षे कारभार झाला आणि मग जे व्हायचे तेच झाले. आयिल्यम तिरुनाळ हे एके काळचे शिष्य. ते आता स्वतःच्या मताचे महाराज झाले होते. गुरूचा हात धरून चालणे त्यांना नकोसे झाले, मन दुभंगले आणि १८७२ साली माधवरावांनी राजीनामा दिला. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात जागा देऊ केली असता ती त्यांनी नाकारली. मद्रासेस स्वस्थ बसावे, असाच बहुधा विचार असेल.

इतक्यात इंदुराहून बोलावणे आले.

त्या वेळी होळकरांच्या गादीवर श्रीमंत तुकोजीराव दुसरे होते. हे महाराज कसे होते, हे जुन्या इंदूरकरांना नव्याने सांगावयास नको. १८४४ साली दत्तक आले, १८५२ साली मुखत्यारी मिळाली, आणि तेव्हापासून दौलतीचा पै-पैचा हिशेब स्वतः पाहणारे. व्यापारात लक्ष, जमाबंदीत लक्ष, राज्याच्या खर्चाने कापडाची गिरणी उभारण्याची हौस. १ जुलै १८५७ रोजी रेसिडेन्सीवर हल्ला झाला, कर्नल ड्यूरंड सिहोरकडे निघून गेला आणि महाराजांविषयी इंग्रजांच्या मनात जो किंतु बसला तो पुढे कैक वर्षे निघाला नाही. इतरांना प्रांत मिळाले, आपल्याला नुसता संशय मिळाला, हे शल्य महाराजांच्या मनात होते. अशा वेळी ज्याच्या शब्दाला कलकत्त्यास वजन आहे असा दिवाण आपल्याजवळ असावा, हा विचार अगदी समंजस होता. महाराजांनी हिंदुस्थान सरकारकडे माणूस मागितला आणि १८७३ साली माधवराव इंदुरास आले.

कल्पना करून पाहावी. कुंभकोणमला जन्मलेला, तमिळ व मल्याळमच्या मुलखात वाढलेला हा मनुष्य मल्हाररावांच्या आणि अहिल्याबाईंच्या राज्यात येतो. राजवाड्याच्या सात मजल्यांच्या छायेत दप्तरे मराठीत, दरबारची बोली मराठी. तंजावरची मराठी म्हणजे दोनशे वर्षे मुलखापासून तुटलेली, जुनी रूपे जपलेली आणि दक्षिणी हेलात बोलली जाणारी. आपली इंदूरची मराठी तरी काय? हिंदी-माळवीच्या शेजारात तिलाही वेगळेच वळण लागलेले. पुण्याचा मनुष्य आजही आमचे बोलणे ऐकून गालातल्या गालात हसतो. मुलखाबाहेरच्या दोन मराठी बोल्या येथे समोरासमोर आल्या, हा योग मला मोठा गोड वाटतो. आजोबांच्या गोष्टीतला 'मद्रासी' हा शब्द बहुधा त्या हेलामुळेच पडला असावा.

इंदुरात त्यांनी काय केले? संस्थानासाठी स्वतंत्र दंडसंहिता तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. गुन्हा कोणता, शिक्षा कोणती, हे हाकीमाच्या लहरीवर न राहता कागदावर यावे, हा त्यातला हेतू. खंडव्याहून इंदूरकडे येणाऱ्या लोहमार्गाचे काम त्या वर्षांत चालू होते. त्यासाठी महाराजांनी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. मात्र गाडी इंदुरास पोहोचली तेव्हा दिवाणसाहेब येथे नव्हते. याच सुमारास विलायतेत हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी पार्लमेंटची कमिटी करीत होती. हेन्री फॉसेट या हिंदुस्थानच्या कैवाऱ्याने माधवरावांना साक्षीसाठी बोलाविले; पण ते गेले नाहीत. समुद्रगमनाचा प्रश्न तेव्हा लहान नव्हता.

१८७५ साल उजाडले आणि बडोद्याच्या भानगडीने सारा हिंदुस्थान ढवळून निघाला. मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यास विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. चौकशीच्या सहा पंचांत तीन इंग्रज आणि तीन हिंदी होते. हिंदी पंचांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. इंग्रजांनी दोषी ठरविले, हिंदी पंचांना आरोप शाबीत वाटला नाही. तेव्हा सरकारने विषाचा मुद्दा बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले. गादीसाठी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. ते सयाजीराव महाराज. आणि त्यांच्या अज्ञानकालात राज्य सांभाळावयास सरकारने इंदूरच्या दिवाणास उचलले.

म्हणजे इंदुरास माधवराव उणीपुरी दोन-अडीच वर्षे होते. त्रावणकोरात चौदा, बडोद्यात सात, आणि मध्ये ही आमची दोन. चरित्रकार या दोन वर्षांना चार ओळी देतात आणि पुढे जातात. मी मात्र येथे जरा थांबतो.

माझ्या मते इंदूरच्या कारकिर्दीचा तोकडेपणा हा केवळ बडोद्याच्या बोलावण्याचा परिणाम नव्हे. माधवरावांच्या मोठ्या कामांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्रावणकोरात ज्याच्या हाताखाली त्यांची कारकीर्द फुलली तो राजा त्यांचा विद्यार्थी होता. बडोद्यात राजा अज्ञान होता. म्हणजे दोन्हीकडे राज्याची लगाम प्रत्यक्षात दिवाणाच्या मुठीत होती. इंदुरात मात्र समोर चाळिशीच्या घरातला, वीस वर्षे कारभार केलेला, आपल्या दौलतीची नाडी स्वतः जाणणारा धनी होता. अशा धन्याला सल्लागार हवा असतो, कारभारी नको असतो. आणि माधवराव हे हाडाचे कारभारी. म्हणून इंदुरातील त्यांचे काम मसुद्याच्या रूपात राहिले. यात कोणाचाच दोष नाही. एका म्यानात दोन तरवारी मावत नाहीत, ही म्हण भांडणाची आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती मापाची आहे.

आणखी एक गोष्ट. माधवराव गेल्यावर त्यांच्या जागी त्यांचेच चुलतबंधू, दिवाण व्यंकटरावांचे चिरंजीव रघुनाथराव आले. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारे हे सुधारक १८८० पर्यंत आणि पुढे महाराजांच्या पश्चात पुन्हा १८८६ ते १८८८ पर्यंत इंदूरचे दिवाण होते. तेव्हा पहिल्या पाहुण्याविषयी दरबारचे मन कडू झाले होते असे म्हणता येत नाही. कडू झालेल्या घरातून कोणी दुसरी सून आणीत नाही.

बडोद्याची सात वर्षे हा त्यांच्या कर्तृत्वाचा कळस. खजिना लुटला गेलेला, सोन्याच्या तोफा ओतलेल्या पण रयतेच्या घरी भांडे नाही, महाल इजाऱ्याने दिलेले, सरदार-सावकार रुसलेले. त्यांनी इजारे मोडले, सारा हलका केला, न्यायकचेऱ्या आणि पोलीस यांची घडी बसविली, शाळा काढल्या. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना 'राजा' हा किताब मिळाला. बालराजाचे शिक्षण इलियट साहेबांकडे होते. पण राज्य कसे करावे याची व्याख्याने १८८१ साली स्वतः माधवरावांनी दिली आणि ती पुढे पुस्तकरूपाने आली. राजाने आपल्या खासगी खर्चाला मर्यादा घालावी, रयतेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन मानावे, कायद्याने स्वतःलाही बांधून घ्यावे, असा त्यांचा रोख. सयाजीराव पुढे जे झाले ते सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पाया कोणी भरला होता, हे इमारत पाहताना आठवत नाही इतकेच.

आणि पुन्हा तीच कथा. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांना अधिकार मिळाले आणि १८८२ च्या सप्टेंबरात दिवाणांनी निरोप घेतला. विद्यार्थी तयार झाला की गुरूला जागा रिकामी करावी लागते. दोनदा हा अनुभव आलेला मनुष्य कडवट व्हावयाचा. परंतु ते मद्रासला मैलापुरात राहून वाचन-लेखनात रमले. हर्बर्ट स्पेन्सरचे ग्रंथ वाचीत, टोपणनावांनी वर्तमानपत्रांत लिहीत, मुलांच्या संगोपनावर त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. बालविवाहाविरुद्ध ते आता उघड बोलू लागले होते. १८५९ चा सावध दिवाण उतारवयात बराच मोकळा झाला होता.

१८८७ साली राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष म्हणून राजा सर टी. माधवरावच उभे राहिले. संस्थानांचा कारभार पाहण्यात हयात घालविलेला, सरकारचा किताब धारण करणारा हा वृद्ध मुत्सद्दी राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर आला, याने सभेची प्रतिष्ठा वाढली. पण हेही सख्य अल्पकाळ टिकले. कायदेमंडळांत लोकनियुक्त प्रतिनिधी किती आणि कधी घ्यावेत यावर मतभेद झाला आणि १८८९ साली ते सभेपासून दूर झाले. वरून सुधारणा करणाऱ्या माणसाला खालून आलेली मागणी पचत नाही. त्यांच्या मोठेपणाची ही कड येथेही दिसते. ४ एप्रिल १८९१ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मैलापुरात त्यांचा अंत झाला.

शेवटी आपल्या घरांतली एक गोष्ट सांगतो. राजा रविवर्मा हे त्रावणकोरचे. माधवरावांच्याच दिवाणगिरीत त्यांची चित्रकला त्या दरबारात बहरू लागली, आणि पुढे बडोद्यासही ते त्यांच्याच शिफारशीने गेले. मागणी इतकी वाढली की एका हाताने ती पुरवणे अशक्य झाले, तेव्हा १८८४ साली माधवरावांनी त्यांना पत्र लिहून सुचविले की निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, मुंबईस रविवर्म्यांचा छापखाना निघाला. त्यातून बाहेर पडलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती आमच्या जुन्या इंदुरातल्या घरी देव्हाऱ्याच्या वर कितीतरी वर्षे टांगलेल्या होत्या. काच तडकली, कोपरे वाळवीने खाल्ले, तरी आजीने त्या उतरवू दिल्या नाहीत. ज्याचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते त्या 'मद्रासी दिवाणा'ची सूचना आमच्याच भिंतीवर लटकत होती.

इंदुरात माधवरावांच्या नावाचा रस्ता माझ्या पाहण्यात नाही; आणि दोन वर्षांच्या दिवाणासाठी तो असावा असा आग्रहही मी धरीत नाही. परंतु तंजावर, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, देवास, धार अशा परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून, तेथलीच होऊन गेलेली जी मराठी घरे आहेत, त्यांना या माणसाची ओळख असावी. आमची नातवंडे आता बंगलोरला आणि त्याहून दूर गेली आहेत. त्यांना मी हे सांगतो की, मुलूख सोडला म्हणजे माणूस संपत नाही. जेथे जाईल तेथला हिशेब नीट ठेवील तर तेथे त्याची आठवण राहते. त्रिवेंद्रमचा तो कंडक्टर पुतळ्याचे नाव सांगत नव्हता हे खरे, पण दिवसातून शेकडो वेळा तो त्याच्याच नावाने गाडी थांबवीत होता.